द्विलैंगिकता, प्रयोग आणि दबाव : बेंगळुरूच्या महाविद्यालयीन विश्वातील एक दुर्लक्षित प्रश्न

बेंगळुरू : अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार बेंगळुरू शहर जिल्ह्यात १,१०६ महाविद्यालये असून या संख्येत हा जिल्हा देशात पहिला आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, लातूर अशा भागांतून अभियांत्रिकी, वैद्यक, विधी वा व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी येथे येणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांची परंपराही जुनी आहे. सतरा-अठराव्या वर्षी घर सुटते, वसतिगृह किंवा ‘पीजी’ची खोली मिळते आणि आपल्या दिनक्रमावर, मैत्रीवर, पोशाखावर प्रथमच स्वतःचा ताबा येतो. आपल्याला मुलगे आवडतात, मुली आवडतात की दोन्ही, हा प्रश्न अनेकांना याच काळात पहिल्यांदा स्पष्टपणे पडतो. त्यातील ‘दोन्ही’ हे उत्तर सर्वांत कमी चर्चिले जाते. घरात त्याला शब्द नसतो, मित्रमंडळात त्यावर विश्वास नसतो आणि शासकीय आकडेवारीत त्याला रकाना नसतो.

शब्दाची अडचण मराठीपुरती तर फारच ठळक आहे. ‘उभयलिंगी’ हा शब्द शाळेच्या विज्ञानात भेटतो तो गांडुळाच्या संदर्भात. एकाच शरीरात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये असणे, असा त्याचा अर्थ. स्त्री आणि पुरुष या दोहोंविषयी आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीला हाच शब्द लावला, की ऐकणाऱ्याचा समज शरीररचनेकडे वळतो आणि मुळात नसलेला वैद्यकीय प्रश्न उभा राहतो. म्हणून अलीकडच्या लेखनात ‘द्विलैंगिक’ किंवा ‘उभयलैंगिक’ हे शब्द अधिक योग्य मानले जातात. या लेखात ‘द्विलैंगिक’ हा शब्द वापरला आहे. महाविद्यालयांच्या आवारात मात्र सर्वत्र ‘बाय’ एवढेच म्हटले जाते. तो उच्चार सोपा असला, तरी आईवडिलांशी बोलताना त्याचा उपयोग होत नाही.

आकर्षण, वर्तन आणि ओळख

लैंगिकतेच्या अभ्यासकांनी तीन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. कोणाविषयी ओढ वाटते, हे आकर्षण. प्रत्यक्ष संबंध कोणाशी आले, हे वर्तन. आणि स्वतःला काय म्हणवून घेतले जाते, ही ओळख. या तिन्हींचा मेळ प्रत्येक वेळी बसतोच असे नाही. एखाद्या विद्यार्थिनीला मैत्रिणीविषयी तीव्र ओढ वाटते, पण तिने कधी स्पर्शही केलेला नसतो. एखाद्या विद्यार्थ्याचा वसतिगृहात मित्राशी शारीरिक संबंध आलेला असतो, पण पुढे त्याला केवळ स्त्रियांविषयीच आकर्षण वाटते. पहिली द्विलैंगिक असू शकते आणि दुसरा नसू शकतो. अनुभव नाही म्हणून ओढ खोटी ठरत नाही, आणि एका अनुभवाने आयुष्याची ओळखही ठरत नाही.

अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ मध्ये पुरुषांविषयी आणि १९५३ मध्ये स्त्रियांविषयी प्रसिद्ध केलेल्या अहवालांमुळे ही चर्चा जगभर पसरली. माणसांची ‘समलैंगिक’ आणि ‘भिन्नलैंगिक’ अशा दोन कप्प्यांत विभागणी न करता त्यांनी शून्य ते सहा अशी श्रेणी मांडली. त्यांच्या नमुना निवडीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तही होती. मात्र मधल्या पायऱ्यांवर माणसे असतात, हे निरीक्षण टिकून राहिले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ क्लाइन यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात भूतकाळ, वर्तमान आणि इच्छित भविष्य असे काळाचे परिमाण त्यात जोडले.

‘प्रयोग’ या शब्दाभोवती सर्वाधिक गैरसमज आहेत. तरुण वयात उत्सुकता असते, ती स्वतःला ओळखण्याचा भाग असते आणि त्यात विकृती नाही. परंतु ‘हा केवळ प्रयोग आहे, वय सरले की जाईल’ हे विधान द्विलैंगिक व्यक्तीला सरसकट ऐकवले जाते, तेव्हा ते पुराव्याला धरून नसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी भिन्नलैंगिक नसलेल्या ७९ तरुणींचा १० वर्षे पाठपुरावा केला आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकींनी या काळात स्वतःसाठी वापरलेले शब्द बदलले. तथापि, ‘द्विलैंगिक’ किंवा ‘नाव न दिलेली’ ही ओळख सोडणाऱ्यांपेक्षा ती स्वीकारणाऱ्याच अधिक निघाल्या. द्विलैंगिकता हा वाटेतला थांबा असल्याच्या समजुतीला या अभ्यासाने धक्का दिला. अभ्यास एका देशातील आणि केवळ स्त्रियांचा होता, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे. नव्या पिढीत हा शब्द स्वतःसाठी वापरण्याचे प्रमाण वाढले आहे, हेही खरे आहे. गॅलप या संस्थेच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेतील सर्वांत तरुण प्रौढ गटातील सुमारे १५ टक्के व्यक्तींनी स्वतःला द्विलैंगिक म्हटले. हा आकडा भारताला लावता येणार नाही.

भारतात मोजणीच वेगळ्या वाटेने झाली. जनगणनेत लैंगिक कलाविषयी प्रश्न विचारला जात नाही. २०११ मध्ये ‘स्त्री’ व ‘पुरुष’ याखेरीज ‘इतर’ हा पर्याय होता, पण तो लिंगओळखीपुरता. एड्स नियंत्रण कार्यक्रमात ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ हा वर्तनावर आधारलेला गट धरण्यात आला. रोगप्रतिबंधासाठी तो उपयुक्त ठरला. परंतु पत्नी असलेला, स्त्री-पुरुष दोघांविषयी आकर्षण वाटणारा पुरुष या नोंदीत केवळ जोखमीचा घटक म्हणून उरला. द्विलैंगिक स्त्री तर या नोंदीत कुठेच आली नाही.

दबाव दोन्ही बाजूंनी

समलैंगिक विद्यार्थ्यावर येणारा दबाव आता निदान ओळखीचा झाला आहे. द्विलैंगिक विद्यार्थ्यावरील दबावाची जात निराळी आहे, कारण तो विरोधकांकडून येतो तसाच आपल्या म्हणवणाऱ्यांकडूनही येतो.

कुटुंबाचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. ‘तुला मुलीही आवडतात ना, मग अडचण काय आहे?’ शेवटचे वर्ष संपत येते, नोकरीचे पत्र हाती पडते, दिवाळीच्या सुटीत घरी गेल्यावर स्थळांची चर्चा सुरू होते, तेव्हा हा प्रश्न अगदी समजूतदारपणाच्या सुरात विचारला जातो. भिन्नलिंगी विवाह शक्य आहे, म्हणून मुलाने किंवा मुलीने निवडही तीच केली पाहिजे, असे त्यात गृहीत धरलेले असते. त्या क्षणी त्याचे किंवा तिचे कोणावर प्रेम आहे, हा मुद्दा बाजूला पडतो. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. द्विलैंगिक व्यक्तीने विरुद्धलिंगी जोडीदाराशी मनापासून विवाह केला, तर ‘म्हणजे ते सगळे नाटक होते’ असा शेरा मिळतो. एका माणसाशी एकनिष्ठ राहिल्याने आकर्षणाची मूळ रचना पुसली जात नाही. द्विलैंगिक म्हणजे एकाच वेळी दोघांशी संबंध ठेवणारा, हा समजही निराधार आहे. एकनिष्ठा हा स्वभावाचा आणि दिलेल्या शब्दाचा प्रश्न आहे. लैंगिक कलाशी त्याचा संबंध नाही.

मित्रपरिवारात मुले आणि मुली यांना वेगळी वागणूक मिळते. मुलीने आपण द्विलैंगिक असल्याचे सांगितले, तर ते पुरुषांच्या कुतूहलाचा आणि करमणुकीचा विषय होते; मुलाने सांगितले, तर ‘तू खरा समलैंगिकच, कबूल करायला घाबरतोस’ असा निवाडा दिला जातो. समलैंगिकांच्या गटातही ‘दोन्ही दरडींवर पाय’ असल्याचा संशय घेतला जातो. अशा दुहेरी अविश्वासाचा परिणाम मनावर होतो. अनेक देशांतील संशोधनांत द्विलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्य व चिंतेचे प्रमाण भिन्नलैंगिकांपेक्षा अधिक, आणि बऱ्याचदा समलैंगिकांपेक्षाही अधिक, आढळले आहे. लैंगिक कलामुळे आजार होतो, असा याचा अर्थ कोणी लावू नये. ज्या माणसाला कोणत्याच दारातून आत घेतले जात नाही, त्याच्या एकटेपणाचे ते मोजमाप आहे.

आणखी एका दबावाचा उल्लेख उदारमतवादी वर्तुळांत टाळला जातो. काही मित्रमंडळांत प्रयोग न करणे हेच मागासलेपण ठरते. मेजवानीत पैज लावून, मद्याच्या अमलाखाली, भोवती मोबाइल उगारलेले असताना दोन मुलींना एकमेकींचे चुंबन घ्यायला लावणे याला कोणी मोकळेपणा म्हणत असेल, तर तो शब्दाचा गैरवापर आहे. तेथे संमती नसते, असतो तो प्रेक्षकांचा आग्रह. अशा प्रसंगाची चित्रफीत पुढे धमकीसाठी वापरली जाऊ शकते. शरीराच्या खासगी भागांचे संमतीविना चित्रण व प्रसारण हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई नुसार गुन्हा आहे आणि हे कलम स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. डेटिंग अ‍ॅपवर ओळख वाढवून ‘घरी कळवीन’ अशी धमकी देऊन पैसे उकळणे ही खंडणी ठरते. तिची तक्रार १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर करता येते. प्रथम वर्षाचे अनेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात, हेही विसरता येत नाही. त्या वयापर्यंत ‘पॉक्सो’ कायदा लागू असून तो मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण देतो, तसेच संमतीचा बचाव मानत नाही.

बेंगळुरूची पार्श्वभूमी

या विषयावर संघटित काम सुरू होण्यात मुंबईसोबत बेंगळुरूचा वाटा मोठा आहे. मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले आणि १९९५ मध्ये समलैंगिक व द्विलैंगिक स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, जो पुढे ‘लेबिया’ या नावाने ओळखला गेला. बेंगळुरूत १९९४ मध्ये ‘गुड अ‍ॅज यू’ हा आधारगट सुरू झाला. दर गुरुवारी भेटायचे, बोलायचे, ऐकायचे, एवढेच त्याचे स्वरूप होते. परंतु इंटरनेट घराघरांत पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात अशी एक खोली असणे हीच मोठी गोष्ट होती. येथील नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९९७ साली समलैंगिकांच्या हक्कांवर परिसंवाद झाला. १९९९ मध्ये ‘संगम’ ही संस्था स्थापन झाली. इंग्रजी न येणाऱ्या, कष्टकरी वर्गातील लोकांपर्यंत तिने हे काम नेले. त्याच सुमारास ‘स्वभाव’ ही संस्था आणि तिची ‘सहाय’ ही दूरध्वनी समुपदेशन सेवा सुरू झाली.

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या कर्नाटक शाखेने २००१ मध्ये बेंगळुरूतील लैंगिक अल्पसंख्याकांवरील अत्याचारांचा सत्यशोधन अहवाल प्रसिद्ध केला. पोलिसांची दंडेली, कुटुंबातील हिंसा, डॉक्टरांकडून होणारे तथाकथित उपचार यांची त्यात नोंद होती. ‘लैंगिक अल्पसंख्याक’ ही संज्ञा रूढ होण्यात या शहरातील संघटनांचा हातभार आहे, आणि द्विलैंगिकांना सामावून घेणारी म्हणून ती उपयोगाची ठरली. २९ जून २००८ रोजी दिल्ली, कोलकाता व बेंगळुरू येथे एकाच दिवशी अभिमान यात्रा निघाल्या. बेंगळुरूतील ती पहिलीच होती, आणि सहभागी झालेल्यांपैकी काहींनी चेहरे मुखवट्यांनी झाकले होते.

साहित्यानेही आपल्या परीने हा प्रश्न हाताळला. कन्नड लेखक वसुधेंद्र यांचा ‘मोहनस्वामी’ हा २०१३ मधील कथासंग्रह समलैंगिक पुरुषाच्या जगण्याविषयी आहे. मराठीत विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात १९८० च्या दशकाच्या आरंभी स्वातंत्र्यपूर्व पुण्यातील एका महाविद्यालयीन तरुणीचे स्त्रीवरील प्रेम रंगभूमीवर आणले. द्विलैंगिकतेच्या सर्वांत जवळ जाणारी कृती मात्र सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची कादंबरी. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात राहायला आलेल्या तरुणावर त्या घरातील भाऊ आणि बहीण दोघेही प्रेम करतात. त्या तरुणाला कादंबरी कोणतेही नाव चिकटवत नाही, आणि कदाचित म्हणूनच ती तरुण वाचकांना आजही जवळची वाटते. लेखकानेच केलेला तिच्यावरील चित्रपट २०२२ मध्ये प्रदर्शित झाला.

कायद्याने काय दिले, काय दिले नाही

भारतीय दंड संहितेचे १८६० चे कलम ३७७ ओळखीला नव्हे, कृतीला शिक्षा देत होते. त्यामुळे द्विलैंगिक व्यक्तीच्या आयुष्यातील एक नाते कायदेशीर आणि दुसरे गुन्हा, अशी विचित्र स्थिती होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे संबंध या कलमातून वगळले; सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला. त्यानंतरचे वळण बेंगळुरूशी निगडित आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि लैंगिक कल हा त्या खासगीपणाचा गाभ्याचा भाग असल्याचे नमूद केले. मूळ वाद आधार कार्डाचा होता, पण त्याचा आधार पुढे ३७७ च्या लढ्याला मिळाला.

मे २०१८ मध्ये विविध आयआयटींच्या २० आजी-माजी विद्यार्थ्यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नाव उघड करून न्यायालयात उभे राहण्याचे धैर्य विद्यार्थ्यांनी दाखवण्याचा हा प्रसंग विशेष होता. बेंगळुरूच्या अक्कई पद्मशाली यांचीही याचिका त्याच सुनावणीत होती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर तरतूदच नाही. परिणामी, प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचारासाठी पूर्वी लागू होणारे कलमही उरलेले नाही. वसतिगृहांच्या संदर्भात ही उणीव गंभीर आहे.

विवाहाच्या प्रश्नावर १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विवाह हा मूलभूत अधिकार नसल्याचे सांगून समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. पुनर्विचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळण्यात आल्या. द्विलैंगिक विद्यार्थ्यासाठी याचा व्यावहारिक अर्थ असा, की त्याच्या किंवा तिच्या संभाव्य जोडीदारांपैकी काहींशीच कायदा विवाह मान्य करतो. कुटुंबाच्या आग्रहाला त्यामुळे कायद्याचेही बळ मिळते. घरमालकाने लैंगिक कलाच्या कारणावरून खोली रिकामी करायला लावली, तर त्याविरुद्ध थेट दाद मागता येईल असा केंद्रीय कायदा नाही. २०१९ चा पारलिंगी व्यक्ती संरक्षण कायदा लिंगओळखीपुरता आहे.

उपचारांच्या नावाखाली

१९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये तीच भूमिका जाहीर केली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळणे हा मानसिक आजाराच्या निदानाचा आधार होऊ शकत नाही; उपचार देताना लैंगिक कलावरून भेदभाव करण्यासही मनाई आहे. तरीही ‘बदलवून देणारे’ डॉक्टर, बाबा आणि केंद्रे आहेत. २०२० मध्ये केरळमधील एका द्विलैंगिक विद्यार्थिनीने, कुटुंबाने आपल्याला अशा केंद्रांत डांबून औषधे दिल्याचे समाजमाध्यमावर सांगितले होते. त्यानंतर दोनच महिन्यांत गोव्यात तिचा मृत्यू झाला. ती २१ वर्षांची होती. प्रौढ व्यक्तीला तिच्या इच्छेविरुद्ध असे ठेवता येते का, हा प्रश्न त्यानंतर केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेला.

७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी लैंगिक कल बदलण्याच्या वैद्यकीय प्रयत्नांना प्रतिबंध करण्याचे आणि अशा व्यावसायिकांवर कारवाई करण्याचे निर्देश दिले. विषय समजून घेण्यासाठी न्यायमूर्तींनी स्वतः समुपदेशकाशी सत्र घेतले होते आणि तसे आदेशात नोंदवलेही होते. न्यायदानात असा प्रसंग क्वचितच पाहायला मिळतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये असे ‘उपचार’ हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. द्विलैंगिकांच्या बाबतीत फसवणूक अधिक सोपी असते. विरुद्धलिंगी आकर्षण मुळातच असल्याने ‘उपचार यशस्वी झाला’ असा दावा करता येतो, आणि पालकही त्यावर विश्वास ठेवतात.

विद्यार्थ्यांना उपलब्ध मार्ग

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार लैंगिक कलाच्या कारणावरून एखाद्या विद्यार्थ्याचा शारीरिक वा मानसिक छळ करणे, त्याला वाळीत टाकणे हे रॅगिंग ठरते. या तरतुदीची माहिती विद्यार्थ्यांना क्वचितच असते. प्रवेशाच्या वेळी प्रतिज्ञापत्रावर सही करणारे तिचा मजकूर वाचत नाहीत. तक्रार महाविद्यालयाच्या समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर करता येते. महाविद्यालयाने दखल न घेतल्यास २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि त्यानंतर लोकपाल हा पुढचा टप्पा आहे.

समुपदेशकाकडे जाताना पहिल्याच भेटीत गोपनीयतेविषयी स्पष्ट विचारणे इष्ट. प्रौढ विद्यार्थ्याने सांगितलेली माहिती त्याच्या संमतीवाचून पालकांना वा प्राचार्यांना देण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच अपवाद होतो. १८ वर्षांखालील विद्यार्थ्यावर अत्याचार झाल्याचे समजल्यास मात्र पोलिसांना कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. ओळख कोणापुढे, कधी आणि किती उघड करायची, याचा निर्णय विद्यार्थ्याचाच असतो. शिक्षणाचा खर्च घरून येत असेल, तर पदवी हाती येईपर्यंत थांबणे यात भित्रेपणा नाही.

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. तिचे शिखर केंद्र बेंगळुरूतीलच ‘निम्हान्स’ या संस्थेत असून सेवा मराठीसह २० भाषांत दिली जाते. भाषेचा पर्याय दूरध्वनीच्या आरंभीच निवडता येतो.